खांद्याचा नवा बॉल मूळ जागी बसतो का? बिनदांड्याच्या सांध्याचं परीक्षण

खांद्याचा सांधा बदलायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या कंपनीचा घालणार?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. नावाजलेले अ‍ॅनाटॉमिक, म्हणजे मूळ रचनाच परत आणणारे, सांधे धातू, प्लॅस्टिक आणि घडणावळ या बाबतीत एकमेकांच्या बरेच जवळ आले आहेत. हात कसा चालेल हे ठरतं ते बॉल मूळ हाडाच्या जागी, मूळ मापाचा आणि मूळ कलाने बसला की नाही यावर. म्हणून इथे आम्ही स्टेमलेस, म्हणजे बिनदांड्याचा सांधा पाहताना डब्यावरच्या नावापेक्षा तो बसवण्याच्या पद्धतीकडे जास्त लक्ष दिलं आहे. दंडाच्या हाडात दांडा ठोकून बसवलेला सांधा आणि बॉल-वाटीची अदलाबदल करणारा रिव्हर्स सांधा तुलनेपुरता घेतला आहे. डोळ्यांसमोर वाचक आहे तो रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातला: शस्त्रक्रियेला मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा गाठणारा आणि पुढचे सहा महिने गावातच काढणारा.

आधी एक खबरदारी. हात वर जात नाही, बाहेर वळत नाही आणि रात्री ठणकतो, एवढ्यावरून सांधा झिजला असं होत नाही. मधुमेही माणसात फ्रोझन शोल्डर अगदी अशीच लक्षणं दाखवतो, आणि त्यात एक्स-रे जवळपास नॉर्मल असतो. तिथे सांधा बदलायचा नसतो. व्यायाम, इंजेक्शन आणि धीर यांवर बहुतेकांचं भागतं. अ‍ॅनाटॉमिक सांध्याचा खरा पेशंट वेगळा दिसतो. एक्स-रेत बॉल आणि वाटी यांच्यातली फट बुजलेली, खालच्या कडेला हाडाची वाढ म्हणजे ऑस्टिओफाइट, आणि बॉलला वाटीत धरून ठेवणारे रोटेटर कफचे स्नायू मात्र शाबूत. ही शेवटची अट सोडता येत नाही. एमआरआय किंवा सोनोग्राफीत कफ फाटलेला आणि स्नायूत चरबी भरलेली दिसली, तर अ‍ॅनाटॉमिक सांधा कितीही सुबक बसवला तरी बॉल वर सरकत राहणार आणि वाटी ढिली होणार.

आता सांध्याकडे. अमेरिकी सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९५० च्या दशकात वापरात आणलेल्या सांध्यात बॉल आणि दांडा एकसंध होते आणि मापं मोजकी होती. पुढच्या पिढीत बॉल वेगळा झाला, माप निवडता येऊ लागलं. खरी उडी फ्रान्सचे सर्जन पास्कल ब्वालो आणि जील वाल्श यांनी मारली. त्यांनी दंडाची हाडं मोजून १९९७ मध्ये दाखवलं की बॉलचा मध्य दंडाच्या पोकळीच्या रेषेवर नसतोच. तो सरासरी ७ मिलिमीटर आतल्या बाजूला आणि २ ते ३ मिलिमीटर मागे असतो. शिवाय बॉलचा कल बहुतेकांत १३० ते १३५ अंशांच्या आसपास असला तरी माणसागणिक बदलतो, आणि मागे वळण्याचा कोन, म्हणजे रिट्रोव्हर्जन, सरासरी २० अंशांच्या आगेमागे असून कुणात जवळपास शून्य तर कुणात ४० च्याही वर जातो. अशा हाडात ठरावीक कोनाचा दांडा सरळ ठोकला की दांडा पोकळीचं ऐकतो आणि बॉल दांड्याचं. हाडाचं मूळ रूप कुणीच विचारात घेत नाही. मध्य एका बाजूला सरकवलेला, म्हणजे एक्सेंट्रिक, बॉल फिरवून बसवण्याची सोय त्यातूनच आली.

बिनदांड्याच्या सांध्यात हा झगडाच उरत नाही. हाडाच्या कापलेल्या तोंडात पंखांचा किंवा पोकळ स्क्रूचा छोटा अँकर बसतो आणि त्यावर बॉल. हे डिझाइन युरोपात २००४-०५ च्या सुमारास वापरात आलं, अमेरिकेत पहिल्या अशा सांध्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. दंडाची पोकळी कोरावी लागत नाही, रक्त कमी जातं, आणि पुढे कधी सांधा काढायची वेळ आली तर हाडात खोलवर रुतलेला दांडा उपसावा लागत नाही. पडल्यावर दांड्याच्या टोकाशी हाड मोडण्याचा जो ठरलेला धोका असतो, तोही टळतो. पाखाड्यांवरून आणि शेवाळलेल्या अंगणातून रोज ये-जा करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हा फायदा कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

पण याचीच दुसरी बाजू नीट समजून घ्यायला हवी. दांडा नाही, म्हणजे चुकलेला काप सावरून घेणारंही कुणी नाही. बॉल कापाच्या पातळीवरच बसतो. काप बरोबर तर सांधा बरोबर. काप चुकला तर बिनदांड्याचा सांधा ती चूक जशीच्या तशी दाखवतो. त्यामुळे काप कसा घेतला जातो हेच परीक्षणाचं खरं स्थळ आहे.

डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिस या स्नायूंच्या मधून आत शिरल्यावर, पुढचा सबस्कॅप्युलरिस हा कफचा स्नायू बाजूला केला की बॉल समोर येतो. जुनाट झिजेत हा बॉल खोटा मोठा दिसतो, कारण खालून आणि मागून ऑस्टिओफाइटची झालर आलेली असते. चांगला सर्जन इथे करवत हातात घेण्याची घाई करत नाही. हात शरीराजवळ घेऊन बाहेर वळवतो, खालून जाणाऱ्या अ‍ॅक्सिलरी नसेच्या आणि हाडाच्या मध्ये बोथट रिट्रॅक्टर ठेवतो, आणि ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) व रॉन्जर (हाड कुरतडणारा चिमटा) यांनी ती झालर तुकड्या-तुकड्याने उतरवतो. मूळ हाड आणि वाढलेलं हाड रंगाने व पोताने वेगळं कळतं. झालर निघाली की खरी मान, अ‍ॅनाटॉमिक नेक, उघडी पडते. ही रेघ दिसल्यावरच काप. ऑस्टिओफाइट तसाच ठेवून त्याच्या कडेवरून कापलं तर कल चुकतो, बॉल मोठा निवडला जातो, आणि पुढची सगळी मापं त्या चुकीवर उभी राहतात.

कापाच्या मागच्या कडेकडे विशेष लक्ष लागतं. मागच्या बाजूला कूर्चा संपते आणि कफ चिकटतो, या दोन्हींत काही मिलिमीटरची उघडी पट्टी असते. रिट्रोव्हर्जन गरजेपेक्षा जास्त धरून कापलं तर करवत मागे बाहेरच्या बाजूला सरकते आणि इन्फ्रास्पायनेटस या कफच्या मागच्या स्नायूची चिकटण्याची जागाच कापली जाते. वरच्या बाजूला तीच गत सुप्रास्पायनेटसची. काप फार वर राहिला तर उलट दोष: बॉल उंच बसतो. सेटमधली कोनाची पट्टी सर्वांना एकच कोन देते. ती पडताळणीपुरती वापरावी. काप पेशंटच्या स्वतःच्या मानेच्या रेघेवर घ्यावा असं आमचं ठाम मत आहे.

निघालेला हाडाचा बॉल फेकायचा नसतो, तोच सर्वांत भरवशाचा साचा. कॅलिपरने त्याचा व्यास आणि जाडी मोजायची. निरोगी बॉलची जाडी त्रिज्येच्या साधारण तीन चतुर्थांश असते. त्रिज्या २४ मिलिमीटर असेल तर जाडी १८ च्या आसपास. झिजलेली कूर्चा आणि करवतीच्या पात्याने खाल्लेला थोडा भाग हिशेबात धरायचा. मोजमाप दोन साइझच्या मध्ये आलं तर लहान घ्यायचा. बॉल बसल्यावर त्याचा माथा ग्रेटर ट्युबरोसिटीच्या, म्हणजे शेजारच्या हाडाच्या मोठ्या उंचवट्याच्या, वर ५ ते ८ मिलिमीटर राहायला हवा, आणि बॉलची कड कापलेल्या हाडाच्या बाहेर कुठेही लोंबता कामा नये.

बॉल मोठा बसणं, ज्याला ओव्हरस्टफिंग म्हणतात, ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. तीन-चार मिलिमीटर जास्त म्हणजे टेबलावर नगण्य वाटतं. पण तेवढ्याने सांध्याचं आवरण ताणलं जातं, हात बाहेर वळत नाही, पुढे शिवलेल्या सबस्कॅप्युलरिसवर सतत ओढ राहते आणि कफ घासत राहतो. पेशंट म्हणतो, "ऑपरेशन झालं, दुखणं कमी झालं, पण हात अडकतो." फिजिओथेरपीवर महिने जातात, आणि कारण मापात असतं. स्टेमलेसमध्ये हा मोह जास्त, कारण कापलेलं सगळं तोंड झाकायला मोठा बॉल घ्यावासा वाटतो.

ट्रायल बॉल बसवल्यावर ४०-५०-६० ची जुनी कसोटी अजून उत्तम चालते: सबस्कॅप्युलरिस मूळ जागी आणून धरला तरी हात ४० अंश बाहेर वळावा, बॉल मागे ढकलला तर वाटीच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ५० टक्के सरकावा आणि सोडल्यावर आपोआप परत यावा, हात बाजूला उचलून ६० अंश आत वळावा. पहिली कसोटी नापास झाली तर बॉल लहान करा किंवा आवरण आणखी सोडवा. तसंच दामटून शिवू नये.

वाटीची बाजू, ग्लेनॉइड, हा अ‍ॅनाटॉमिक सांध्याचा कच्चा दुवा. काही वर्षांनी सांधा निकामी होतो तेव्हा बहुतेक वेळा वाटीच ढिली झालेली असते. संपूर्ण पॉलिथिलीनची, खुंट्यांची, सिमेंटने बसवलेली वाटी आम्ही पहिली निवड मानतो. जुन्या धातूच्या पाठीच्या वाट्यांचा अनुभव जगभर वाईट आहे. वाटीची वक्रता बॉलहून थोडी सैल असावी, त्रिज्येतला फरक ६ ते १० मिलिमीटर. फार घट्ट जुळणारी वाटी ऐकायला छान वाटते, पण बॉल जरा सरकला की तिच्या एका काठावर भार येतो आणि समोरचा काठ उचलतो. पाटाच्या कडेवर उभं राहिल्यावर दुसरी कड उचलावी तसा. हजारो वेळा असं झालं की सिमेंट सुटतं.

जुन्या झिजेत बॉल मागे सरकून वाटीचा मागचा भाग खातो. वाल्श यांच्या वर्गीकरणातला हा बी-२ प्रकार. साध्या एक्स-रेवर तो फसवतो. म्हणून खांद्याच्या फऱ्याच्या पातळीत मांडलेला, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा सीटी स्कॅन ऑपरेशनआधी हवाच. पुढचा उंच काठ रीमरने, म्हणजे हाड तासणाऱ्या हत्याराने, उतरवून १० ते १५ अंशांपर्यंतचा तिरपेपणा सरळ करता येतो. त्यापुढे रीमर चालवला तर खालचं टणक हाड निघून जातं आणि वाटी भुसभुशीत हाडात खचते. तेव्हा मागून जाड असलेली ऑगमेंटेड वाटी किंवा सरळ रिव्हर्स सांधा. सिमेंट भरण्यापूर्वी खुंट्यांची भोकं धुऊन पूर्ण कोरडी करायची असतात. रक्ताचा पातळ थर राहिला तर पहिल्याच एक्स-रेत काळी रेघ दिसते, आणि ती रेघ पुढे रुंदावते.

सबस्कॅप्युलरिस कापून, हाडावरून सोलून की लेसर ट्युबरोसिटीच्या, म्हणजे पुढच्या लहान उंचवट्याच्या, पातळ चकतीसकट काढायचा, यावर सर्जनांत मतं आहेत. तुलना केलेल्या अभ्यासांत सोलणं आणि चकती यांत ठोस फरक निघालेला नाही. शिवण भक्कम हवी, हाडातून घेतलेली हवी. स्टेमलेसमध्ये टाक्यांना टेकू द्यायला दांडा नसतो, त्यामुळे भोकं आधी पाडून दोरे आधी ओवून ठेवावे लागतात. अँकर बसल्यावर जागा राहत नाही.

मग बिनदांड्याचा सांधा कुणाला? हाड टणक असलेल्या, कफ शाबूत असलेल्या आणि साधारण सत्तरीच्या आतल्या माणसाला आम्ही तो आधी सुचवू. हाडाचा निर्णय मात्र टेबलावर होतो. काप झाल्यावर मधल्या जाळीदार हाडावर अंगठा दाबून पाहतात. अंगठा रुतला तर स्टेमलेस बाजूला ठेवून छोटा दांडा घ्यायचा. पाळी गेल्यानंतरच्या बायकांत हे वारंवार होतं, म्हणून खोलीत दोन्ही सेट उघडायच्या तयारीत असायला हवेत. हे आधी विचारून घ्या. सेट भाड्याने शहरातून मागवला जातो, आणि फक्त एकच आला असेल तर सर्जनचा हात बांधला जातो.

कफ गेलेला असेल, वाटी फार झिजलेली असेल तर पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये आणलेला रिव्हर्स सांधा. त्यात बॉल वाटीच्या जागी आणि वाटी दंडावर जाते, फिरण्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, हात डेल्टॉइडच्या जोरावर उठतो. तो मूळ रचना परत आणत नाही, मुद्दाम बदलतो. योग्य माणसात उत्तम आहे. कफ धड असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र "हाच हल्ली सगळे घालतात" म्हणून दिला जात असेल, तर दुसरं मत घ्यावं.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे स्वतः पाहायला शिका. समोरून घेतलेल्या फोटोत, ग्लेनॉइडच्या पातळीत, तीन न झिजणारे बिंदू धरतात: ग्रेटर ट्युबरोसिटीच्या खाली जिथे हाडाची बाहेरची कड सरळ होते तो, ट्युबरोसिटीवर कफ जिथून चिकटायला सुरुवात होते तो, आणि आतल्या बाजूला मानेची कमान जिथे बॉलला भेटते तो. या तिन्हींतून जाणारं वर्तुळ म्हणजे पेशंटचा मूळ बॉल. नव्या बॉलचं वर्तुळ त्यावर ठेवायचं. दोन मध्यांत ३ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर काम चोख झालं. त्याहून जास्त असेल तर तो वर आहे की बाहेर, हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डिजिटल फाइल मागून घ्या. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर माप लागत नाही.

बिलाबद्दल थोडं. २०१७ मध्ये सरकारने किमतीला मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यांना, त्यामुळे तो आकडा खांद्याला लावून वाद घालू नका. बॉल, अँकर, वाटी आणि सिमेंट यांची किंमत वेगवेगळी लेखी मागा, आणि प्रत्येक भागाचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पंधरा वर्षांनी वाटी बदलायची वेळ आली तर त्या लॉट नंबराशिवाय जुळणारा भाग शोधणं जिकिरीचं होतं.

संसर्गाबाबत खांदा गुडघ्याहून वेगळा. काखेजवळच्या त्वचेत, तेलग्रंथींच्या खोलात राहणारा क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नेहमीच्या साबणाने जात नाही. ऑपरेशनआधी काही दिवस ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला देतात ते त्यासाठी. काख वस्तऱ्याने करू नये. हा जंतू इतका सावकाश वाढतो की शंका आल्यास कल्चर १४ दिवस ठेवावं लागतं. तीन दिवसांत आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नये.

आपल्या दमट हवेत स्लिंगमधली काख दिवसभर ओली राहते आणि कातडी पांढरी पडून सोलवटते. दिवसातून दोनदा कमरेत पुढे वाकून हात सैल लोंबू द्यायचा, काख टिपून कोरडी करायची, कोरड्या सुती कापडाची घडी ठेवायची. पावडर नको. वेळ निवडायची मुभा असेल तर दिवाळीनंतरची निवडा. पावसाळ्यात निसरड्यावर पडायची भीती, आणि पडताना माणूस नेमका तोच हात पुढे करतो. मार्चनंतर आंब्याच्या हंगामात कलमांखाली हात स्वस्थ राहत नाही.

घाटातून परतताना गाडीत जागा विचार करून घ्या. डावा खांदा असेल तर ड्रायव्हरच्या मागे बसा, म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो; उजवा असेल तर डावीकडे. कोपराखाली घट्ट उशी हवी, कोपर शरीराच्या मागे जाऊ देऊ नका. पहिले सहा आठवडे सगळं सबस्कॅप्युलरिससाठी: स्लिंग, दुसऱ्याच्या मदतीने हालचाल, बाहेर वळवणं साधारण ३० अंशांपर्यंतच, आणि त्या हाताने खुर्चीवर जोर देऊन उठणं बंद. दार ओढणं आणि रहाटाचा दोर ओढणंही त्यातच येतं, कारण ओढताना हाच स्नायू आवळतो. बारा आठवड्यांनी ताकदीचे व्यायाम. घळ घेऊन आंबे उतरवणं, लांब काठी डोक्यावर पेलून धरणं, हे सहा महिन्यांआधी नको, आणि नंतरही हलक्या घळीनेच. माडावर चढणं आणि शिमग्यात त्या खांद्यावर पालखी नाचवणं कायमचं सोडावं. बॉल तो भार सोसेल, वाटीचं सिमेंट सोसणार नाही.

एक्स-रे सहा आठवड्यांनी, वर्षाने आणि मग दर एक-दोन वर्षांनी. प्लॅस्टिकची वाटी त्यात दिसत नाही. तिच्या खुंटीतली धातूची खूण आणि सिमेंटभोवतीची काळी रेघ दिसते. दुखत नसलं तरी जुना फोटो शेजारी ठेवून ती रेघ रुंदावली का, हे पाहून घ्या. रेघ वाढत असेल आणि अजून हाड शिल्लक असेल, तेव्हाच दुरुस्ती सोपी असते.